मायनर काय टाकू, हे पोरांनी दुकानदाराला विचारायचं का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

माझं तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की दीड महिना आमच्याकडे पोरापोरींची रांग असते, त्यात पेरणीची घाई, म्हणजे बाप एका हातात बियाण्याची बॅग घेऊन उभा आणि पोरगी दुसऱ्या हातात मार्कशीटची झेरॉक्स घेऊन, आणि दोघंही मलाच विचारून राहिले, "दादा, ह्या मायनरमंदी काय टाकू?" मायनर म्हणजे डिग्रीच्या मुख्य विषयाच्या, मेजरच्या, जोडीला घ्यायचा दुसरा विषय. मागचे दोन-तीन सीझन हेच चालू आहे म्हणून हे पत्र लिहून राहिलो.

नवीन शैक्षणिक धोरण 2020 चं, आपल्या राज्यात स्वायत्त कॉलेजांत 2023-24 पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून सुरू झालं. त्यात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, स्किलचे कोर्स, ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट असं बरंच काही आहे आणि मला ते मनापासून चांगलं वाटते. ओपन इलेक्टिव्ह तर आपली शाखा सोडून दुसऱ्याच शाखेतलं घ्यायचं असते, म्हणजे बीए करणाऱ्या पोराला हिशेब-अकाउंट शिकता येते. आमच्या वेळी आर्ट्स म्हणजे आर्ट्स, एकदा शिक्का बसला की बसला. पण हे सगळं ज्याच्यासाठी केलं त्याला सांगतं कोण? मागच्या वर्षी एक पोरगा आला, बाप खेडा खरेदीत कापूस घेतो, त्याला अकाउंट पाहिजे होतं ओपन इलेक्टिव्हमध्ये. कॉलेजात विचारून ये म्हटलं. तो गेला आणि अर्ध्या तासात परत आला. तिकडे सांगितलं की शिकवायला माणूस नाही, सगळ्यांनी एकच विषय टाका. टाकला मग. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण हे एकाच कॉलेजचं नाही.

दुसरी गोष्ट जास्त लागली मनाला. यंदा एक मुलगी पोलीस भरतीचा फॉर्म भरायला आली, शिक्षणाच्या रकान्यात बारावी लिही म्हणाली. मी तिला ओळखतो, 2024 ला तिचा बीएचा फॉर्म मीच भरला होता आणि एबीसी आयडीपण (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे शिकलेलं जमा ठेवायचं ऑनलाइन खातं) मीच काढून दिला होता. तो काढतानाची गंमत अशी नाही की विसरावी, आधारला बापाचा जुना बंद पडलेला नंबर जोडलेला, ओटीपी येईना, दोन दिवस ते मायलेकी आधार सेंटरला चकरा मारत होत्या. तर विचारलं, बीएचं काय झालं? "सोडलं दादा, बाबाले लकवा मारला, वावरात कोणी नाही. एक साल वाया गेलं." दोन्ही सेमिस्टर पास आहे ती! आता नियम काय सांगतो, तर पहिल्या वर्षाचे क्रेडिट (विषय पास झाला की खात्यात जमा होणारे अंक) पूर्ण असले आणि वर 4 क्रेडिटचा एक कौशल्याचा कोर्स केला की सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येते, दोन वर्षं झाली तर डिप्लोमा, तीन वर्षांत डिग्री. आणि बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत यायची सोय आहे, एकूण सात वर्षांत डिग्री पुरी करायची. म्हणजे तिचं साल वाया गेलंच नव्हतं, ते त्या एबीसी आयडीमध्ये जमा राहायला पाहिजे, त्याच्यासाठीच तर ते खातं आहे. तिला वाटलं पॅनकार्डासारखा आणखी एक नंबर. मलाही तेव्हा माहीत नव्हतं, यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) कागद नंतर वाचले रात्री बसून, आणि खूप वाईट वाटलं, कारण कॉलेज सोडताना तिनं टीसी मागितली आणि काऊंटरवरच्यानं टीसी देऊन टाकली, एका शब्दानं विचारलं नाही की बाई काहून सोडून राहिली.

आमच्याकडे पोट्टे आळसानं कॉलेज सोडत नाहीत साहेब. सोयाबीन गेलं, घरचा माणूस पडला, पोरीचं लग्न जमलं, ही कारणं असतात. मधून बाहेर पडायची आणि परत यायची सोय सगळ्यात जास्त कोणाच्या कामाची असेल तर ती यवतमाळ, वाशिम, गडचिरोलीच्या खेड्यातल्या पोरांच्या, आणि त्यांनाच ती माहीत नाही.

तशीच दोन डिग्र्यांची गोष्ट. 2022 पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन डिग्र्या करायची परवानगी दिली आहे, एक कॉलेजात जाऊन आणि दुसरी इग्नू किंवा नाशिकच्या मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणाहून घरी बसून. मी हे सांगतो तेव्हा लोक म्हणतात असं कसं चालेल, पकडलं तर. सरकारच्या स्वयम या ऑनलाइन साइटवरचे कोर्स शिकायला फुकट आहेत पण बहुतेक इंग्रजीत, त्यामुळे तिकडे कोणी वळत नाही.

आणि आता चौथं वर्ष येऊन राहिलं. 2024 ची बॅच 2027 च्या उन्हाळ्यात तिसरं वर्ष संपवेल. पुढे ऑनर्स, म्हणजे चार वर्षांची वरची डिग्री, करायचं तर चौथं वर्ष, आणि पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के असतील तर रिसर्चवालं ऑनर्स, मग एमए एकाच वर्षात होते. पण त्या रिसर्चला पीएच.डी.चे गाइड असलेले कायम प्राध्यापक लागतात, आणि आमच्याकडची कितीतरी कॉलेजं सीएचबीच्या, म्हणजे तासिकेवर नेमलेल्या, सरांवर चालून राहिली आहेत, त्या बिचाऱ्यांचं स्वतःचंच पुढच्या वर्षीचं ठरलेलं नसते. मग हुशार पोरगी 80 टक्के घेऊन तालुक्यात बसेल, कारण अमरावतीला खोली करून राहायचं म्हटलं की घरचे नाही म्हणतात.

माझी विनंती विद्यापीठाला आणि कॉलेजांना एवढीच आहे की फॉर्म सुरू व्हायच्या आधी एक दिवस आईबापासहित पोरांना बोलवा, मेजर-मायनर म्हणजे काय ते आपल्या बोलीत सांगा, कोणता विषय शिकवायला माणूस आहे आणि कोणता नाही हे खरं खरं फळ्यावर लिहा. जवळजवळच्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून मास्तर वाटून घेतले तर ओपन इलेक्टिव्हचाही प्रश्न सुटू शकतो. आणि टीसी मागायला आलेल्या प्रत्येकाला टीसी देण्याआधी सर्टिफिकेटचं आणि परत यायचं सांगायलाच पाहिजे, तसा कागद त्याच्या हातात द्या, मराठीत, एक पानाचा.

त्या मुलीला मी सांगितलं आहे की 2028 पर्यंत तुझी जागा गेली नाही. सोयाबीन निघाल्यावर कॉलेजात जाऊन विचारते म्हणाली. तिला तिथं नीट उत्तर मिळावं.

आपला,
एक फॉर्म भरणारा दुकानदार
ता. दारव्हा, जि. यवतमाळ