टॉर्चवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, टॉकीजचंही नाही. लिहिलं तर उद्याच कुलूप बदलतील. नागपूरच्या सीताबर्डीवरच्या जुन्या लोकांना ओळखायचं तर ओळखू द्या.

आतल्या नक्षीचे फोटो हवे होते, एवढंच माझं मागणं. ज्यांच्या हातात परवानगी होती त्यांनी आज-उद्या केलं. एका साहेबांनी तर मान वर न करता ऐकवलं, "पीओपी आहे, त्यात काय पाहायचं?" तुम्ही काहीच विचारलं नाही. "चाल" म्हणालात आणि बाजूचं दार उघडलं.

मी मोबाइलचा उजेड समोरून भिंतीवर मारत होतो; सगळं पांढरं सपाट. तुम्ही तुमचा जुना टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा धरला आणि वेल एकदम उठून आली. पानांच्या शिरा, कळ्या, मोराची पिसं, सगळं! जन्मभर अंधारात लोकांना खुर्च्या दाखवल्यात तुम्ही, उजेड कुठून टाकायचा हे तुम्हालाच ठाऊक. माझे फोटो होईस्तोवर हात अवघडला, पण टॉर्च हलू दिला नाही. वर म्हणता, "घाई नको करू बावा, पिक्चर सुटायला वेळ आहे."

तो पीओपी नव्हताच, चुना होता. मध्ये कोणीतरी सिमेंटचं ठिगळ मारलेलं. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडतं. म्हणून ठिगळ शाबूत आणि भोवतालची नक्षी पोपडे धरून गळतेय. हे तुम्ही नखानं खरवडून दाखवलंत. साहेबांना कोण दाखवणार?

मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडलं, तरी २०१६ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत गेलं. अशा वेळी जुने फोटो न् मोजमापं हाताशी असली तरच हुबेहूब घडवता येतं. आपल्या बर्डीवरचं जुनं धनवटे रंगमंदिर तर पाडूनच तिथे संकुल झालं. म्हणून माझी घाई होती.

तुमच्याकडे ना हुद्दा, ना सही-शिक्का. तरी कोण कुठला पोरगा, त्याच्यासाठी भर उन्हाळ्याच्या दुपारी पंख्याविना उभे राहिलात. असली माणसं आहेत म्हणून या गावात अजून काही मागायची हिंमत होते.

प्रिंटा तयार आहेत. रविवारी सकाळी घेऊन येतो. तर्री-पोहे माझ्याकडून, आणि यावेळी पैसे देऊ नका.

तुमचा,
मोबाइलवाला पोरगा