आमचा तवा मागून घेणाऱ्या शेजारीणबाईंस

प्रिय वेसीना,

तुमच्याकडे शेजारणीला ज्या शब्दाने हाक मारतात तोच इथे लिहीत आहे, कारण जिन्यात भेटल्यावर आपण एकमेकांना याच नात्याने ओळखतो आणि तुमचे नाव चारचौघांत छापण्याची परवानगी मी मागितलेली नाही. पत्र मराठीत आहे आणि ती भाषा तुम्हाला येत नाही. तुमच्या नातीला शेजारी बसवून मी त्यातला मजकूर इंग्रजीत सांगेन, ती तो तुम्हाला स्पॅनिशमध्ये सांगेल. जुलैपासून आपले सगळे बोलणे असेच दोन उंबरे ओलांडून चालले आहे. तरीही ते मराठीत आणि उघडपणे लिहीत आहे, याचे कारण असे की ज्यांनी ते वाचावे असे मला वाटते, त्यांतले बरेचजण मराठी आहेत.

आई गेल्या गुरुवारी बार्शीला परतली. तिच्या बॅगेत लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांच्या जागी तुम्ही दिलेला टॉर्टिया, म्हणजे तुमच्याकडची मक्याची पातळ भाकरी, दाबायचा लाकडी साचा होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, फुटू नये म्हणून लुगड्यांत गुंडाळलेली, मक्याच्या पिठाची दोन पाकिटे होती. मे महिन्यात ती आली तेव्हा ती अशी काही वस्तू घेऊन परत जाईल, असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

माझी आई माळकरी आहे. पंचवीस वर्षांची असल्यापासून तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि तेव्हापासून तिने मांस, मासे, अंडे यांना हात लावलेला नाही. शिकागोत ती आली, ती थेट पिल्सन या मेक्सिकन वस्तीत, जिथे अठराव्या रस्त्यावर दर दहा पावलांवर कुठे ना कुठे तव्यावर काहीतरी भाजले जात असते. खिडकीतून येणारा भाजक्या मक्याचा वास तिला आवडला. हा वास आपल्या कणसाचा आहे, पण त्यात आणखी काहीतरी आहे, असे ती म्हणाली. म्हणून एके दिवशी मी तिला जवळच्या एका खानावळीत घेऊन गेलो. गल्ल्यावरच्या तरुणाला विचारले की घेवड्याच्या टॅकोत, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या टॉर्टियात, मांस आहे का. तो नाही म्हणाला, आणि त्याच्या हिशेबाने तो खरेच बोलत होता. आईने अर्धा टॅको आवडीने खाल्ला. मग मी भिंतीवरच्या फळ्यावर ‘मांतेका’ हा शब्द वाचला आणि ते लोणी असावे अशा समजुतीने सहज चौकशी केली. मांतेका म्हणजे डुकराची चरबी. तो तरुण हसून म्हणाला, ‘ते मांस नाही, नुसती चरबी आहे.’ मालकाने पैसे घेतले नाहीत, एवढीच त्या प्रसंगाची बोळवण झाली.

आई काही बोलली नाही. घरी येऊन तिने आंघोळ केली आणि रात्री उशिरापर्यंत माळ हातात धरून ती खिडकीशी बसली होती. पुढचे तीन आठवडे तिने घराबाहेर पाण्याखेरीज काही घेतले नाही. त्या तरुणावर माझा राग आहे असे म्हणवत नाही. चूक प्रश्नातच होती आणि प्रश्न माझा होता. मला खरा राग आला तो आपल्याच माणसांचा. ओळखीच्या दोघा-तिघा मराठी कुटुंबांना ही गोष्ट कळली, तेव्हा एकाने ‘नकळत खाल्ले त्याचे पाप लागत नाही’ असे शास्त्र सांगितले, दुसऱ्याने ‘इकडे आल्यावर एवढे कोण बघते’ असा सल्ला दिला, आणि एका बाईंनी दुकानातून कडक, आधीच दुमडलेल्या टॅकोंचे खोके आणून, त्यात उसळ आणि शेव भरून आईपुढे ठेवली. आईने तो पदार्थ पापड समजून मोडून खाल्ला आणि चांगला आहे म्हणाली. त्या बाईंचा हेतू वाईट नव्हता. पण या सगळ्यांच्या बोलण्यात आईची माळ ही सोडवायची अडचण होती, आणि ती सोडवण्याचा सोपा मार्ग म्हणजे आईने थोडे कमी माळकरी व्हावे, असे प्रत्येकाला वाटत होते.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो वेगळाच होता. जिन्यात कचऱ्याची पिशवी हातात घेऊन उभे असताना नातीने मला विचारले की वरच्या आजी रविवारी खाली जेवायला का येत नाहीत, आणि मी अडखळत कारण सांगितले. आजवर हे कारण ऐकणारा प्रत्येकजण ‘का?’ असे विचारत आला आहे. तुम्ही ‘काय काय?’ असे विचारलेत. अंडे चालते का, कांदा-लसूण चालतो का, चीज चालत असेल तर वासराच्या जठरातल्या कुआहोने विरजलेले चालते का. शेवटचा प्रश्न तर मलाही कधी सुचला नव्हता. आम्ही दोन महिने तेच चीज खात होतो. सगळे ऐकून झाल्यावर तुम्ही मान डोलावून म्हणालात, ‘म्हणजे हिची कुआरेस्मा वर्षभर असते.’ ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या काळात दर शुक्रवारी मांस न खाणाऱ्या तुमच्या घराला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरजच उरली नव्हती.

आणि मग द्वादशीचा तो दिवस. आषाढी एकादशी आईने साबुदाणा आणि बटाट्यावर काढली होती (हे दोन्ही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले, हे तिला सांगितले तेव्हा तिचा विश्वास बसला नाही). सकाळी दहा वाजता तुम्ही वर आलात. गुडघे दुखत असताना दोन मजले चढून आलात. पिशवीत पिठाचे नवे पाकीट होते, साचा होता, भाज्या होत्या, पण तवा नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराशी चपला काढून तुम्ही नातीकरवी निरोप दिलात: ‘माझ्या कोमालला इतकी वर्षे मांतेकाची सवय आहे, तो कितीही घासला तरी मला खात्री देता येणार नाही. तुमच्या आईचा तवा मिळेल का?’

वेसीना, हे पत्र खरे तर या एका वाक्यासाठी लिहीत आहे. तुम्ही आम्हाला खाली बोलावू शकला असता, आणि आम्ही आलोही असतो. तवा घासला आहे असे म्हणाला असता, तर आम्ही विश्वास ठेवला असता, कारण न ठेवणे हा अपमान ठरला असता. आईला तो पेच पडूच नये म्हणून तुम्ही स्वतःच्या तव्याविरुद्ध साक्ष दिलीत. आईने ओट्याखालून तिचा बिडाचा तवा काढला, जो तिने भाकरीसाठी बार्शीहून वजनाची पर्वा न करता आणला होता, आणि दोन्ही हातांनी तुमच्या हाती दिला. तुम्ही तो खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिलात, बोटाने त्याचा काळा कुळकुळीत पृष्ठभाग चाचपलात आणि ‘बुएनो’ म्हणालात. आईला स्पॅनिश येत नाही, पण तव्याची पारख तिला कळते. त्या क्षणापासून तुमच्या दोघींत माझी आणि नातीची फारशी गरज राहिली नाही.

एक घोटाळा मात्र झालाच. परातीकडे बोट दाखवून तुम्ही ‘मासा’ म्हणालात आणि आईचा हात जागच्या जागी थांबला. भिजवलेल्या पिठाला तुमच्याकडे मासा म्हणतात हे नातीने सांगेपर्यंत तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मग तव्याचे नाव कोमाल आहे हे ऐकून ती म्हणाली, ‘लोखंडाला कोमल म्हणणारी माणसे दिसतात.’ हे मी तेव्हा तुम्हाला भाषांतर करून सांगू शकलो नव्हतो. आता नातीला सांगून पाहीन.

त्याआधी मी एकदा देशी दुकानातून साधे मक्याचे पीठ आणून टॉर्टिया करून पाहिल्या होत्या. प्रत्येकीला कडेने भेगा पडत होत्या, आणि उलटताना तुकडे होत होते. दोष माझ्या हाताचा आहे असे मी समजत होतो. तुमच्या पिठात आणि त्या पिठात काय फरक आहे हे तुम्ही चिमूटभर पीठ आईच्या नाकाशी धरून सांगितलेत, आणि आई लगेच म्हणाली, ‘चुना.’ खिडकीतून येणाऱ्या वासातले ते आणखी काहीतरी हेच होते. तुमच्याकडे मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, धुऊन टरफल काढतात आणि मग दळतात. त्या मक्याला निक्स्तमाल म्हणतात. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, आणि मक्यात अडकून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपने मका उचलून नेला, पण चुना इथेच ठेवला. मग १८व्या शतकापासून स्पेन आणि इटलीतल्या, मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा या नायसिनच्या कमतरतेच्या रोगाने गाठले. विड्याला चुना लावणाऱ्या आईला यात नवल वाटले नाही. चुन्याशिवाय पान रंगत नाही, तसे हे, एवढेच ती म्हणाली.

तुम्ही साच्यात प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा दाबत होता, आईने मात्र साचा बाजूला सारून हातावर थापायला सुरुवात केली. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यात तुमची आजीही असेच थापायची, असे तुम्ही म्हणालात. आईची पहिली टॉर्टिया भाकरीएवढी झाली, दुसरी पुरीएवढी, तिसरी तव्यावर टम्म फुगली. तुम्ही टाळी वाजवून काहीतरी म्हणालात आणि नात लाजली. टॉर्टिया फुगली म्हणजे मुलगी लग्नाला योग्य झाली, अशी तुमच्याकडची म्हण असल्याचे कळल्यावर, सत्तरी ओलांडलेली आणि पन्नास वर्षे संसार केलेली माझी आई पदर तोंडाला लावून हसली. त्या घेवड्याच्या प्रसंगानंतर मी तिला तसे हसताना पाहिले नव्हते.

आत भरायला तुम्ही तीन गोष्टी केल्यात. तेलात परतलेला बटाटा आणि आचेवर भाजून सोललेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या. एपासोतेचा पाला घालून शिजवलेला घेवडा, ज्यात चरबीच्या जागी तेल होते. आणि तिसरी भाजी, जिची जुडी तुम्ही पिशवीतून काढताच आई ओरडली, ‘अगं, ही तर घोळ!’ तुमची बेर्दोलागास आणि आमची घोळ ही एकच भाजी आहे. तुमच्याकडे ती बहुधा डुकराच्या मांसाबरोबर, पातळ कागदी सालीतल्या हिरव्या आंबट फळांच्या साल्सात शिजवतात. त्या दिवशी मांस नव्हते आणि त्याची उणीवही नव्हती. युनेस्कोने २०१० मध्ये मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, ते तुमच्याच मिचोआकानचा दाखला देऊन. पण मला त्या दिवशी जे कळले, ते असे की शाकाहारी टॅको म्हणजे मांस काढून घेतलेला, अपुरा राहिलेला टॅको नव्हे. डुकरे स्पॅनिश लोकांनी आणली. मका, घेवडा, मिरची, भोपळ्याची फुले, निवडुंगाची पाने आणि रानातला पाला हे सगळे तिथे त्याआधीपासून होते. आमच्यासाठी तुम्हाला काही नवे शोधून काढावे लागले नाही. तुम्ही फक्त आठवलेत.

चांगुलपणाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ मोठे मन असा घेतला जातो. मोठे मन मला अनेकांनी दाखवले. पैसे न घेणारा मालकही त्यांत येतो. दुसऱ्याला जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती आपल्याला पटत नसतानाही अचूक जपणे, त्यातला कुआहोपर्यंतचा तपशील विचारणे, आणि आपला तवा त्यात बसत नसेल तर तसे सांगून मोकळे होणे, याला मनापेक्षा काहीतरी अधिक काटेकोर लागते. ते माझ्याकडेही नव्हते. मुलगा असून मी ‘मांस आहे का’ एवढेच विचारून थांबलो होतो.

आईने त्या दिवशी पाच टॅको खाऊन एकादशीचे पारणे फेडले, आणि त्यानंतर दर गुरुवारी तुमची वाट पाहिली.

आता तिचा एक निरोप आहे, तो तेवढा पोचवायचा राहिला आहे. आणलेले पीठ वडिलांनी आणि शेजारपाजाऱ्यांनी चार दिवसांत संपवले. म्हणून तिने बाजारातून मका आणला, पानवाल्याकडून चुना घेतला, किलोला १० ग्रॅम या हिशेबाने घालून उकळला आणि रात्रभर ठेवला. टरफले सुटली आहेत, पण दाणे पिवळेजर्द दिसतात आणि चावल्यावर जिभेला चुना लागतो. ते आणखी किती पाण्यांनी धुवायचे, आणि पाट्यावर वाटताना पाणी घालायचे की नाही, असे तिने विचारले आहे. नातीकरवी आजच कळवा. मका पातेल्यात तसाच आहे आणि आई फोनपाशी बसून आहे.

आपला,
वरच्या मजल्यावरचा वेसीनो