एकाच मेंदूची दोन चित्रे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील एमआरआय तपासणीवरचा लेख वाचला. त्यातील दोन चित्रांखाली 'डावीकडे निरोगी मेंदू, उजवीकडे आजारी मेंदू' असे छापले आहे आणि मजकुरात 'ऊतींमध्ये पाणी जितके जास्त, तितका तो भाग पांढरा' असे विधान आहे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. मेंदूच्या मधल्या पोकळ्यांतील द्रव डाव्या चित्रात काळा आणि उजव्या चित्रात पांढरा दिसतो. एवढ्यावरूनच कळते की पहिले चित्र टी-वन पद्धतीचे आहे आणि दुसरे टी-टू पद्धतीचे (या दोन पद्धती काय आहेत, ते पुढे सांगतो). ती एकाच माणसाची, एकाच बैठकीत घेतलेलीही असू शकतील.

सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण कुठे किती अडले, हे दिसते. एमआरआयमध्ये तसे काही अडत नाही. शरीरातील पाण्याच्या आणि चरबीच्या रेणूंमध्ये हायड्रोजनची केंद्रके, म्हणजे प्रोटॉन, असतात आणि प्रत्येक प्रोटॉन हा एक सूक्ष्म चुंबक असतो. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) यंत्रात दर दहा लाखांमागे पाचेक प्रोटॉनच चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने अधिक भरतात, पण संख्या अफाट असल्यामुळे तेवढ्यावर काम भागते. सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीने हे एकत्रित चुंबकत्व आडवे पाडले, की ते फिरताना यंत्रातील तारेच्या वेटोळ्यात संकेत उमटतो. नंतर ते पूर्वस्थितीला येऊ लागते. यालाच शिथिलन म्हणतात. (रुग्णाला 'अंग सैल सोडा' सांगतात, त्याच्याशी या शब्दाचा काही संबंध नाही.)

हे शिथिलन दोन अंगांनी होते आणि चित्रातील उठाव त्यांतूनच येतो. उभे, म्हणजे क्षेत्राच्या दिशेचे, चुंबकत्व ६३ टक्के परत यायला लागणारा काळ म्हणजे टी-वन. प्रोटॉनला मिळालेली ऊर्जा आसपासच्या रेणूंकडे जावी लागते आणि ती सर्वांत सहज जाते तेव्हा, जेव्हा रेणूंच्या कोलांट्यांचा वेग त्या ६४ मेगाहर्ट्झच्या जवळपास असतो. चरबीचे रेणू साधारण त्या गतीने हलतात, म्हणून तिचा टी-वन २५० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. मोकळ्या पाण्याचे रेणू फारच वेगाने गिरक्या घेतात, त्यामुळे मेंदूभोवतीच्या द्रवाला तब्बल चार सेकंद लागतात. आता रेडिओ लहर दर अर्ध्या सेकंदाला दिली, तर मधल्या वेळात चरबीचे चुंबकत्व ८६ टक्के सावरलेले असते आणि द्रवाचे जेमतेम १२ टक्के. पुढच्या लहरीला चरबी जोरात उत्तर देते, द्रव जवळजवळ गप्प राहतो. पाणी सर्वाधिक असूनही तो काळा दिसतो, त्याचे कारण हे.

टी-टू हा आडव्या चुंबकत्वाच्या ऱ्हासाचा काळ होय. आडवे पडलेले प्रोटॉन आरंभी एका ठेक्यात फिरतात, परंतु शेजारच्या रेणूंची बारीक चुंबकीय क्षेत्रे प्रत्येकाला थोडे पुढेमागे ढकलतात आणि ठेका मोडतो. मोकळ्या पाण्यात रेणू इतके झपाट्याने फिरतात की ही ढकलाढकल परस्परांत विरून जाते, म्हणून तेथे ठेका सुमारे दोन सेकंद टिकतो; मेंदूच्या श्वेत भागात तो ८० मिलिसेकंदांत ३७ टक्क्यांवर येतो. संकेत १०० मिलिसेकंदांनी ऐकला, तर द्रवाचा ९५ टक्के उरलेला असतो आणि श्वेत भागाचा ३० टक्क्यांहूनही कमी. याच कारणाने मेंदूचा करडा आणि श्वेत भागही टी-वनमधून टी-टूमध्ये जाताना आपली छटा बदलतात. दोहोंच्या पाण्याच्या प्रमाणात फारसा फरक नाही, पण टी-वन १.५ टेस्लाला अंदाजे ९५० आणि ६०० मिलिसेकंद, म्हणजे दीडपटीहून अधिक वेगळा.

थोडक्यात, किती वेळाने लहर द्यायची आणि किती वेळाने संकेत ऐकायचा, हे तपासणी करणारा ठरवतो, आणि पांढरे-काळे त्यावरून ठरते. सूज आली की तेथील मोकळे पाणी वाढून दोन्ही काळ लांबतात. तो भाग टी-टूत उजळतो, टी-वनमध्ये काळवंडतो. मात्र टी-टूत उजळणारे सगळे आजारच असते असे नाही. द्रवाचाच उजेड आड येऊ नये म्हणून फ्लेअर या पद्धतीत त्याचा संकेत मुद्दाम शून्यावर असताना चित्र घेतात. चित्रातील फरक ठळक व्हावा म्हणून देतात ते गॅडोलिनियम या धातूच्या संयुगाचे इंजेक्शनही स्वतः चमकत नाही. गॅडोलिनियमच्या सात एकाकी (जोडी नसलेल्या) इलेक्ट्रॉनांमुळे जवळच्या पाण्याचा टी-वन आखूड होतो, म्हणून तो भाग उजळतो.

लेखात 'अर्बुद (गाठ) ओळखण्याचा शोध' असा एमआरआयचा उल्लेख आहे, तोही अर्धवट आहे. अमेरिकन वैद्यक संशोधक रेमंड डमाडियन यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या अर्बुदांत हे काळ लांबलेले दाखवले, हे खरे. पण निरोगी आणि रोगट ऊतींची मूल्ये एकमेकांवर चढतात, म्हणून निव्वळ आकड्यावरून निदान होत नाही. चित्र काढण्याची वाट अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखवली.

रुग्णाच्या हाती अहवाल पडतो तेव्हा 'पांढरा डाग' हे दोन शब्द त्याची झोप उडवायला पुरेसे असतात. म्हणून विनंती, की पुढील पुरवणीत त्या चित्रांखालची ओळ 'डावीकडे टी-वन, उजवीकडे टी-टू' अशी दुरुस्त करून छापावी.

आपला,
एक निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक