बाटली माझ्याकडे आहे

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, फडताळातली हळदीच्या कॅप्सूलची बाटली शोधून दमला असाल. ती हरवलेली नाही. रविवारी निघताना मीच पर्समध्ये टाकली. आईला ठाऊक नव्हतं, तिच्यावर चिडू नका.

विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही ते ‘आयुष्य वाढतं’ सांगणारं माहितीपत्रक वाचून दाखवलं असतंत, आणि मी दरवेळेसारखी गप्प बसले असते.

पेठ नाका येईपर्यंत बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत होते. कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, आणि मिरीचा अर्क. मिरी उगीच नाही घालत. नुसतं कर्क्युमिन अंगी लागत नाही. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी मिरीतलं पिपेरिन २० मिलिग्रॅम जोडीला दिलं, तर ते कितीतरी पटींनी जास्त शोषलं गेलं. पण हेच पिपेरिन दुसऱ्या औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. त्यात तुमची रक्त पातळ करायची गोळी. दाढी करताना लागलं आणि रक्त थांबेना, ते तुम्ही हसण्यावारी नेलंत. डॉक्टरांना फोन केला. ‘आधी बंद करा,’ म्हणाले.

आयुष्य वाढतं म्हणतात ते फळमाश्यांचं आणि बारीक कृमींचं, बाबा. अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगात उंदरांना कर्क्युमिन दिलं, ग्रीन टीचा अर्क दिला; आयुष्य काही वाढलं नाही. तुमच्या त्या द्राक्षांतल्या रेझव्हेरॅट्रॉलचंही तेच. इटलीत किआंती भागातल्या पासष्टीपुढच्या ७८३ जणांवर ९ वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांच्या अंगात ते जास्त, ते जास्त जगले असं काही दिसलं नाही.

आमटीतली हळद कोण काढून घेतंय? लोणचं खा, रात्री हळद-दूध घ्या. सांगलीच्या माणसाने, तेही जन्म अडतीत काढलेल्या, हळद बाटलीतून विकत घ्यावी याचंच मला हसू येतं. हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरून आलात की तुमच्या कॉलरमध्ये नाक खुपसून बसायचे मी, आणि पिवळी होऊन उठायचे. आई तशीच ताटावर बसवायची.

हसले, पण तुम्ही त्या का घेता ते कळतं मला. मे महिन्यापासून रात्री उठून बसता, आईने सांगितलं. तसं वाटलं की मला फोन करायचा, दोन वाजले असले तरी.

आई, मेथी-पालक एकदम वाढवू नकोस, एकदम बंदही नको, नेहमीइतकीच. त्यानेही त्या गोळीचं गणित बिघडतं. मंगळवारी रक्त तपासायला रिक्षानेच जा. रिपोर्टचा फोटो लगेच पाठव, आणि नीट उजेडात काढ. नवी चादर वापरायला काढ, जपून ठेवू नकोस.

बाबा, बाटली फेकलेली नाही. माझ्या कपाटात आहे. डॉक्टर हो म्हणाले तर मीच आणून देईन.

तुमची,
बेबी