कराडचा प्लॉट विकू नका

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

कराडचा प्लॉट विकून ते पैसे इकडे इंडोनेशियाला पाठवायचं बाबांनी फोनवर काढलं, तेव्हा मी "बघू" म्हणून विषय बदलला. लेक लारस मांडीवर चुळबुळ करत होती आणि असल्या गोष्टी अर्धवट बोलून गोंधळच वाढतो. म्हणून सविस्तर लिहिते. प्लॉट विकू नका. इथे जमीन घेण्यासाठी एक रुपयाही पाठवू नका. बाबांनी सगळी नोकरी भूमी अभिलेखमध्ये काढली, तेव्हा आधी कागदांचं सांगते. आई, तुला कंटाळा आला तर सरळ खाली जा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

बाबा, इथला मूळ जमीन कायदा १९६० सालचा. त्यात सगळ्यात पक्का हक्क म्हणजे 'हक मिलिक', आपली पूर्ण मालकी. तो फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळतो. माझा पासपोर्ट भारतीय आहे, म्हणजे मला तो नाहीच. परदेशी माणसासाठी 'हक पकाई' नावाचा वापराचा हक्क असतो : आधी ३० वर्षं, मग २० वाढवून, मग आणखी ३०. पण त्यासाठी घराची किमान किंमत सरकारने ठरवून दिलेली आहे आणि ती आमच्या गावातल्या कुठल्याही घराच्या कितीतरी पट आहे. जकार्तातल्या फ्लॅटवाल्यांसाठी ती सोय, भाताच्या खाचरांत राहणाऱ्यांसाठी नाही.

आता तुम्ही म्हणाल, जावयाच्या, बागसच्या नावावर घ्या. तेही दिसतं तितकं सरळ नाही. इथे नवरा-बायकोची लग्नानंतरची मिळकत सामाईक धरतात. बायको परदेशी असेल तर त्या जमिनीत तिचाही वाटा आला, आणि परदेशी माणसाचा वाटा आला की नवऱ्याचा हक मिलिकही अडचणीत. यावर उपाय एकच, संपत्ती वेगळी ठेवण्याचा करार. आम्ही तो लग्नाआधी केला. (पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे. २०१६ मध्ये इथल्या घटना न्यायालयाने लग्नानंतर केला तरी चालेल असा निकाल दिला.) करार नोटरीकडे होतो. नोटरी म्हणजे आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल मांडून शिक्के मारणारा नव्हे. तो सरकारने नेमलेला, कायदा शिकलेला अधिकारी असतो आणि एकेक कलम मोठ्याने वाचून दाखवतो. त्या कराराप्रमाणे बागसच्या जमिनीत माझं काही नाही. तुमच्या प्लॉटचे पैसे त्यात घातले तरी कागदावर ते माझे उरणार नाहीत. उद्या बागसच्या पश्चात जमीन वारसाने माझ्याकडे आली, तरी मला ती वर्षाच्या आत दुसऱ्या कोणाच्या नावे करावी लागेल, नाहीतर सरकारजमा. लारस इंडोनेशियन नागरिक आहे, तिला मात्र ती राहील. मला वाटतं, तेवढं पुरे आहे.

तिसरी वाट बालीत राजरोस चालते : एखाद्या स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घ्यायची, पैसे आपले, आणि आतून वेगळा कागद करायचा. कायद्याच्या लेखी तो व्यवहारच रद्द. जमीन सरकारची होते आणि दिलेले पैसेही मागता येत नाहीत. असा सल्ला देणारे इथेही भेटतात, चहा पाजून देतात. तुमच्या नोकरीत असले किती कागद तुमच्या टेबलावरून गेले असतील, मी वेगळं काय सांगू. आणि रागावू नका, परदेशी माणसाला आपण तरी कुठे शेतजमीन घेऊ देतो?

मग आम्ही राहणार कुठे? सासूबाईंच्या परड्यात. घराभोवतालच्या जागेला इथे 'पकारंगन' म्हणतात. आमच्या परड्यात फणस, केळी, दोन नारळ आणि मागे बांबूचं बेट आहे. ही जागा वर्षानुवर्षं आजोबांच्या नावाने गावच्या जुन्या करनोंदवहीत होती. 'लेटर सी' म्हणतात तिला. ती नोंद म्हणजे मालकी नव्हे, कर भरल्याची खूण. सरकारने सगळ्या गावांची सरसकट मोजणी आणि नोंदणी काढली त्यात आता प्रमाणपत्र झालं. मोजणीला शेजारी हजर हवेत, हद्दीचे दगड त्यांच्यासमोर रोवतात आणि त्यांच्या सह्या घेतात. बाबा, त्या दिवशी तुमची फार आठवण आली. मोजणीदाराला मी विचारत होते त्या प्रश्नांनी तो बिचारा सारखा बागसकडे बघत होता. बागसचे दोन भाऊ जकार्ताजवळ बकासीला कारखान्यात आहेत, वाटणी अजून व्हायची आहे. जो आईला सांभाळतो त्याच्याकडे घर राहतं, हा इथला रिवाज. भावांनी तोंडी मान्य केलंय. मी लेखी मागते आहे. बागसला ते थोडं लागलं, पण मुलगी कोणाची आहे हे त्याला माहीत आहे.

शेतीची जमीन घ्या म्हणून तुम्ही म्हणालात. घ्यायची नाही. एक तर संरक्षित खाचरात घर बांधायला परवानगी मिळणं फार कठीण. खाचर कोरडं दाखवून बिगरशेती करण्याचे उद्योग इथेही चालतात, पण आम्हाला त्यात पडायचं नाही. दुसरं म्हणजे उत्पन्न. जावातल्या बहुतेक शेतकऱ्यांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे. आमचं खाचर 'मारो'ने दिलंय, आपल्याकडच्या अर्धेलीसारखंच. कापणीआधी दलाल येतो, उभं पीक उक्तं घेतो, माणसं-मशीन त्याचंच. पाणी मात्र बारमाही. मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याचे झरे आमच्या क्लातेन जिल्ह्यातल्या पोलानहार्जो तालुक्यात वर येतात. पलीकडच्या पोंगोक गावाने २००९ मध्ये गावाची स्वतःची कंपनी काढली आणि झऱ्याच्या तळ्यात पाण्याखाली फोटो काढायला येणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. गरीब म्हणून ओळखलं जाणारं गाव आता श्रीमंत म्हणून टीव्हीवर येतं. तिथल्या जमिनीचे भाव विचारू नका. आमच्या गावातले लोकही तेच स्वप्न बघतात, पण प्रत्येक गावाला तळं नसतं.

सोलो-योग्याकार्ता टोल रस्त्याचा कार्तासुरा ते क्लातेन टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून जमिनीच्या दलालांच्या मोटरसायकली गावात फिरतात. समृद्धीच्या वेळी जालन्याच्या मामांकडे काय झालं ते तुम्ही पाहिलंत. इथे पूर्व जावातल्या तुबानजवळच्या सुमुरगेनेंग गावात २०२१ साली तेलशुद्धीकरण प्रकल्पाची भरपाई आली, तर लोकांनी एकदमच शंभरावर नव्या गाड्या आणल्या. भाव वाढतील, मी नाही म्हणत नाही. पण गावात पगार किती आहे? क्लातेन जिल्ह्याचं २०२५चं किमान वेतन महिना २३ लाख ८९ हजार रुपिया, आपले साधारण साडेबारा हजार. तरुण मुलं जकार्ताकडे जातात आणि लेबारानला, म्हणजे ईदला, चार दिवस परत येतात. गावात रिकामी घरं आहेत. घेणारा बाहेरचाच असतो, आणि बाहेरच्याचा काही भरवसा नाही.

आता आई, तुझं. "तिथे तुझं कोण आहे?" असं तू विचारलंस. आळीतल्या सगळ्या बायका आहेत, मला नको असतील तेव्हाही! शेजारी लग्न निघालं की तीन दिवस त्यांच्याकडे स्वयंपाकाला जायचं. मला कांदे-मिरच्या चिरायला बसवतात, कारण नारळाचं दूध काढणं अजून माझ्यावर सोडत नाहीत. आहेराचं पाकीट द्यायचं आणि ते वहीत लिहिलं जातं, हुबेहूब आपल्या आहेराच्या वहीसारखं. लग्नसराईच्या महिन्यात एवढी पाकिटं जातात की बाजार उधारीवर होतो. हे मला अजिबात आवडत नाही आणि मी तसं सासूबाईंना सांगितलंही. त्या म्हणाल्या, देऊ नकोस, पण मग आपल्याकडे काही असेल तेव्हा कांदे कोण चिरेल? रात्री पुरुष पाळीने गस्त घालतात आणि प्रत्येक दारातल्या डबीतून चिमूटभर तांदूळ किंवा नाणी गोळा करतात. त्यातून आजारी माणसाला मदत होते, रस्त्याचा दिवा लागतो. माझं बाळंतपण पावसात झालं तेव्हा गाडी, ड्रायव्हर आणि डॉक्टरीणबाईंना फोन हे सगळं मी ओरडायच्या आत झालेलं होतं.

देवाधर्माचं तू विचारत नाहीस, पण मनात असतं. बागसच्या घरासारखी हिंदू घरं क्लातेनमध्ये बरीच आहेत. न्यपीच्या आदल्या दिवशी प्राम्बाननच्या देवळापाशी मोठी पूजा होते, तिथे आम्ही जातो. न्यपी म्हणजे शक वर्षाचा पहिला दिवस. २०२३ साली तो आपल्या पाडव्याच्याच दिवशी आला होता. अधिक महिन्याने कधी पुढेमागे होतो.

आणि हो, मेरापी. नोव्हेंबर २०२०पासून तो तिसऱ्या पातळीच्या इशाऱ्यावर आहे. वरच्या उतारावरच्या गावांना त्याची खरी भीती, आम्ही खाली आहोत, आमच्याकडे राख येते. मला जास्त भीती भूकंपाची वाटते. २७ मे २००६च्या भूकंपात पाच हजारांवर माणसं गेली, त्यात क्लातेनचीही होती. सासूबाईंची विटांची मागची भिंत तेव्हाच पडली. म्हणून नवीन खोल्या जुन्या सागवानी सांगाड्याच्या करतोय. 'लिमासान' घराचे खांब-तुळया सुट्या करून विकतात, गाडीत घालून आणायच्या आणि परड्यात उभ्या करायच्या. पैसे त्यालाच लागतात, आणि तेवढे आमच्याकडे आहेत.

तुमचे पैसे इथे कुठे घालायचेच असतील तर विमानाच्या तिकिटात घाला. जून ते ऑगस्ट कोरडा असतो, तेव्हा या. व्हिसा उतरल्यावर मिळतो, ५ लाख रुपिया (आई, घाबरू नकोस, आपले तीन हजारांच्या आत), ३० दिवसांचा, आणि एकदा वाढवता येतो. येताना गोडा मसाला आणि हिंग. डाळी मिळतात इथे, मसाला नाही.

बाबा, मोजणीच्या नकाशाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकते आहे. पूर्वेला ओढ्याच्या कडेने आखलेली हद्द मला दोन वेळा बघूनही पटत नाही. ओढा पावसाळ्यात सरकतो, आणि त्या बाजूचा दगड नेमका काठावर आहे. वाटणी लेखी व्हायच्या आधी तुमचं मत हवंय, तेव्हा भिंग घेऊन बघा आणि कळवा.

तुमची,
मीनल