ताई, त्या तुटक रेषेसाठी

प्रिय ताई,

माझा लघुशोधप्रबंध गेल्या आठवड्यात मंजूर झाला. ऋणनिर्देशाच्या पानावर तुमच्या वाट्याला दोन ओळी आल्या. त्या पानाचा नमुना ठरलेलाच असतो. आधी मार्गदर्शक, मग विभागप्रमुख, मग ग्रंथालय, मग घरचे, आणि उरलेल्या जागेत बाकी सगळे. त्या दोन ओळींत 'मोलाचे सहकार्य लाभले' एवढंच मावलं. नेमकं काय सहकार्य, ते सांगायचं राहून गेलं आणि तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. 'सैद्धांतिक चौकट', म्हणजे ज्या सिद्धांताच्या आधाराने आपल्या प्रश्नाकडे बघायचं तो आधार, या दोन शब्दांपाशी माझ्यासारखाच कुणी अडून बसला असेल, तर त्यालाही तुमचा हात लागू दे.

तुमच्याकडे मी आले तेव्हा माझी सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, दुसऱ्यांदा परत आली होती. समासात एकच शेरा होता: 'सैद्धांतिक बैठक स्पष्ट नाही'. ती कशी स्पष्ट करायची, हे सांगणारं कुणी नव्हतं. विषय मात्र मला मनापासून हवा असलेला होता. नोकरी करत शिकणारे विद्यार्थी पदवी अर्धवट का सोडतात? माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी मैत्रीण अशीच एका सत्रानंतर यायची थांबली होती. तिचे गुण माझ्यापेक्षा चांगले होते.

चौकट शोधायची माझी रीत तुम्हाला ठाऊक आहे, पण इथे कबूल करते. जुने प्रबंध उघडायचे, दुसऱ्या प्रकरणात ज्या सिद्धांताचं नाव जास्त वेळा दिसेल तो उचलायचा. आधी मी फ्रेड डेव्हिस यांचं 1989 चं तंत्रज्ञान स्वीकृतीचं प्रतिमान (मॉडेल) घेतलं, कारण त्याची प्रश्नावली आयती मिळत होती. एखादी गोष्ट उपयोगी वाटते का, वापरायला सोपी वाटते का, यावरून माणूस नवं तंत्रज्ञान स्वीकारतो की नाही हे ते प्रतिमान सांगतं. माझी माणसं तर काहीच स्वीकारत नव्हती, ती सोडून जात होती. एवढं उघड दिसत असतानाही आयत्या प्रश्नावलीच्या मोहाने तीन आठवडे गेले. मग मी व्हिन्सेंट टिंटो यांच्याकडे वळले. विद्यार्थ्यांच्या गळतीवर लिहिणारा जो तो त्यांचं नाव घेतो, म्हणून मीही घेतलं. आठ चौकोन आणि बारा बाण असलेली एक आकृती काढली आणि ती घेऊन तुमच्या टेबलापाशी उभी राहिले.

तुम्ही ती आकृती पाहिलीच नाहीत. कागद उलटा केलात, पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिल ठेवलीत आणि म्हणालात, "तुझा प्रश्न एका वाक्यात लिही. त्यात एकही पारिभाषिक शब्द नको."

मला वाटलं पाच मिनिटांचं काम आहे. तास होत आला तरी मी तिथेच होते. 'शैक्षणिक सातत्य' खोडलं, 'घटक' खोडलं, 'अभ्यासणे' खोडलं. शेवटी जे उरलं ते असं होतं: कामावर जाणारी मुलंमुली, अभ्यास जमत असतानाही, कॉलेज का सोडतात? तुम्ही 'अभ्यास जमत असतानाही' या तीन शब्दांखाली रेघ मारलीत. "तुझी चौकट या तीन शब्दांना उत्तर देणारी हवी. बाकीच्याला उत्तर देणाऱ्या पुष्कळ आहेत."

त्या दिवशी माझ्या डोक्यातला क्रम बदलला. तोवर मी चौकट आधी धरत होते आणि प्रश्न तिच्या मापाने कापत होते. आमच्या वर्गात निम्म्याहून अधिक जण हेच करत होते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मग तुम्ही मला टिंटो यांचा 1975 चा मूळ लेख वाचायला लावलात. तोवर मी त्यांच्याविषयी इतरांनी लिहिलेलंच वाचत आले होते. मूळ लेखात जे सापडलं ते मला कुठल्याही प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात दिसलं नव्हतं. ही कल्पना समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखीम यांच्या 1897 च्या आत्महत्येवरच्या अभ्यासातून आलेली. समाजात नीट न रुजलेला माणूस स्वतःला तोडून घेतो, हा त्यातला धागा. विल्यम स्पेडी यांनी 1970 मध्ये तो धागा महाविद्यालयीन गळतीकडे आणला आणि टिंटो यांनी त्यावर आपलं प्रतिमान उभं केलं. विद्यार्थी अभ्यासाच्या जगात आणि मित्रमंडळींच्या जगात जितका मिसळेल तितका तो टिकेल. वाचून झाल्यावर तुम्ही दुसरा प्रश्न टाकलात: "हे कुणाकडे बघून लिहिलंय?"

उत्तर मला स्वतःलाच द्यावं लागलं. कॉलेज हेच ज्याचं दिवसभराचं जग आहे, अशा विद्यार्थ्याकडे बघून. माझी मैत्रीण शेवटचा तास संपायच्या आत निघायची. तिला मिसळायला वेळ कुठे होता? तिच्या बाबतीत 'सामाजिक समावेशन कमी' असं मी लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं, पण त्यातून काहीच कळलं नसतं. वर दोष तिच्याच पदरात पडला असता.

मी टिंटो बाजूला ठेवायला निघाले तेव्हा तुम्ही थांबवलंत. "टाकण्याआधी पूर्ण वाच. माणूस पुढे काय म्हणाला तेही बघ." मग त्यांचं 1997 चं लेखन सापडलं. बाहेरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग हीच अभ्यास आणि सोबत एकत्र येण्याची जागा असते, असा विचार त्यात आहे. माझ्या तिसऱ्या प्रकरणातला 'वर्गातला तास' हा चौकोन तिथून आला. तुम्ही थांबवलं नसतंत तर मी 'टिंटो यांची मर्यादा' असा एक परिच्छेद ठोकून पुढे गेले असते.

आणि मग जॉन बीन आणि बार्बरा मेट्झनर. त्यांच्या 1985 च्या लेखाचं नाव तुम्ही सांगितलं नाहीत, फक्त दिशा दाखवलीत. "वय वाढलेले, बाहेर राहणारे, अर्धवेळ शिकणारे, यांच्यासाठी कुणी वेगळं काही मांडलंय का ते शोध." शोधायला मला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांचे आभार मी वेगळे मानते. लेख हातात आला तेव्हा तो माझा होता.

त्यातली एक मांडणी वाचून मी खुर्चीतून उठले होते. बाहेरची परिस्थिती म्हणजे पैसा, कामाचे तास, घरची जबाबदारी, जवळच्यांचं प्रोत्साहन. ही परिस्थिती अनुकूल असेल तर अभ्यासाची बाजू थोडी लंगडी असली तरी विद्यार्थी टिकतो. पण अभ्यासाची बाजू भक्कम आणि बाहेरची परिस्थिती प्रतिकूल असेल, तर अभ्यास त्याला वाचवू शकत नाही. दोन्ही बाजू एकमेकींची भरपाई करतात, पण सारखी नाही. ताई, तुम्ही रेघ मारलेल्या तीन शब्दांचं उत्तर तिथे छापलेलं होतं.

मला वाटलं संपलं. तुमच्या मते आता कुठे सुरुवात होती.

पुढच्या भेटीत तुम्ही माझी प्रश्नावली मागितलीत. तिच्यात 42 प्रश्न होते. एका कागदावर डावीकडे चौकटीतले चौकोन लिहिलेत, उजवीकडे प्रश्नांचे क्रमांक, आणि जोड्या लावायला मला बसवलंत. शाळेत लावायचो तशाच. अर्ध्या तासाने कागदाकडे बघवेना. 11 प्रश्न कुठल्याच चौकोनाला जुळत नव्हते. ते मी 'असू दे, उपयोगी पडतील' म्हणून घातले होते. आणि तीन चौकोनांपुढे एकही प्रश्न नव्हता. त्यातला एक होता 'बाहेरून मिळणारं प्रोत्साहन', ज्यावर दुसऱ्या प्रकरणात माझी चार पानं लिहून झाली होती. चार पानं लिहिली होती आणि विचारायचं मात्र काहीच नव्हतं.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. चौकट दुसऱ्या प्रकरणात छापून मोकळं व्हायची गोष्ट नाही, ती प्रश्नावलीच्या शेवटच्या प्रश्नापर्यंत आणि पुढे निष्कर्षांच्या मथळ्यांपर्यंत उतरायला हवी, हे मला व्याख्यानांतून कधी कळलं नव्हतं. जोड्या लावताना कळलं. सैद्धांतिक चौकट आणि संकल्पनात्मक चौकट यांतला फरकही तेव्हाच उमगला. पहिली दुसऱ्या कुणीतरी उभी केलेली असते, तिच्या आधाराने बघायचं. दुसरी याच अभ्यासापुरता आपण काढलेला नकाशा, त्याची जबाबदारी आपली. मी तोवर पहिलीची आकृती छापून तिला दुसरीचं नाव देत होते.

'दुसरीकडे प्रवेश मिळण्याची संधी' हा त्यांच्या प्रतिमानातला घटक मी गाळला. माझा अभ्यास एकाच महाविद्यालयापुरता, सहा महिन्यांचा. ते मोजायची सोय माझ्याकडे नव्हती. गाळलं, हे लपवू नकोस, का गाळलंस ते मर्यादांमध्ये लिही, असं तुम्ही म्हणालात. ते अडीच ओळींत झालं.

आता त्या तुटक रेषेबद्दल. सगळ्यात मोठं ऋण तिचंच आहे.

मुलाखतींतली सातवी मुलगी. बीन आणि मेट्झनर यांच्या आधाराने मी तिला विचारलं, आठवड्याला किती तास काम करतेस? ती म्हणाली, "तास फार नाहीत." मी वहीत आकडा लिहिला आणि पुढच्या प्रश्नावर गेले. तेवढ्यात तिने फोन काढून माझ्यासमोर धरला. उद्याच्या पाळीचा निरोप, रात्री पावणेअकराला आलेला. खाली परवाचा, तोही तसाच. "किती तास ते नाही हो. कधी, ते कळत नाही. परीक्षेच्या दिवशी सुट्टी आहे की नाही हे मला आदल्या रात्री कळतं."

माझ्या चौकटीत 'कामाचे तास' होते. कामाच्या वेळांचा भरवसा कुठेच नव्हता. तिचं बोलणं मी 'इतर' या रकान्यात टाकणार होते, आणि टाकलंच असतं, पण त्या संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तुम्ही विचारलंत, "आणखी कुणी असं म्हणालंय का? आधीच्या सहा मुलाखती परत ऐक." मी परत ऐकल्या. चौघांनी तेच सांगितलं होतं, वेगवेगळ्या शब्दांत. मी तासांचे आकडे टिपत होते आणि ते ज्या वाक्यात आले होते ती वाक्यं सोडून देत होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या आकृतीत पेन्सिलीने एक नवा चौकोन काढलात, रिकामाच. त्याच्यापासून 'सोडण्याचा विचार' या चौकोनाकडे जाणारा बाण काढलात, आणि तो तुटक रेषेने काढलात. "उसनं आणलेलं ते सलग रेषेने. तुझ्या माणसांनी सांगितलेलं ते तुटक रेषेने. वाचणाऱ्याला कळू दे कुठलं कुणाचं आहे. आणि चौकोनात नाव तू लिही." मी लिहिलं: 'वेळेचा भरवसा'. तुम्ही ते बदललं नाहीत. त्याला भारदस्त संस्कृत शब्दही सुचवला नाहीत.

चौकट बदलायची असते आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, पुरावा लागतो, ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर मी ती वहीत उतरवून घेतली असती आणि विसरून गेले असते. तुम्ही माझ्या हातात पेन्सिल दिलीत.

तुमचा स्वतःचा पीएचडीचा मसुदा तेव्हा अंतिम टप्प्यात होता, हे मला फार उशिरा कळलं. माझ्यासाठी दिलेला तो तास, ते फोन, 42 प्रश्नांची ती संध्याकाळ, हे सगळं तुमच्या त्या दिवसांतून काढलेलं होतं. मी तुमची ना वर्गातली, ना विभागातली. नियमाने तुम्ही माझं काहीच लागत नव्हता. एकदाही तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. तयार उत्तर देऊन मला लवकर वाटेला लावणं तुम्हाला किती सोपं होतं, हे आता स्वतः एक प्रबंध पुरा केल्यावर कळतं.

तोंडी परीक्षेचं तुम्हाला सांगायचं राहिलंय. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध उघडला, सरळ आकृतीच्या पानावर आले आणि त्या बाणावर बोट ठेवलं. "बाकी सगळ्या रेषा सलग, मग ही एकच तुटक का?" माझे हात गार पडले होते, पण उत्तर तोंडात तयार होतं. सातव्या मुलाखतीपासून सांगायला सुरुवात केली. रात्री पावणेअकराच्या निरोपापर्यंत आले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. पुढचा बराच वेळ आम्ही त्या एका चौकोनावरच बोललो.

छापील प्रतीत ती आकृती संगणकावर नीट काढलेली आहे. तुमच्या पेन्सिलीचा मूळ कागद परिशिष्टात घालता आला नाही, तिथे हस्तलिखित चालत नाही. तो मी माझ्या स्वतःच्या प्रतीत, त्याच पानासमोर चिकटवला आहे. पुसट होऊ नये म्हणून वर पारदर्शक कागद लावलाय. याल तेव्हा दाखवेन.

तुमची,
सातव्या मुलाखतीवाली