खुर्ची सरकवल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. आभार नेमके कशाचे मानायचे? ऑपरेशन तुम्ही केलं नाहीत. गोळ्याही आधीच्या डॉक्टरांनी दिलेल्याच जवळजवळ चालू ठेवल्यात. तरी या पाच महिन्यांत मला राहून राहून आठवते ती तुमची खुर्ची.

त्या दिवशी मी उजवा तळहात डोक्यावर ठेवून तुमच्या खोलीत शिरले. वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखी. हात तसा ठेवला की खांद्यापासून मधल्या बोटापर्यंत जाणारी ती जळती कळ जरा थांबायची, म्हणून तिथेच असायचा. आधीच्या ठिकाणी बाकावर बसले असताना एका बाईंनी "हात खाली घ्या, बरं दिसत नाही" असं सांगितलं होतं. तुम्ही मात्र फाईल उघडण्याआधीच विचारलंत, "हात वर ठेवला की बरं वाटतं ना? म्हणजे मानेतली नस दाबली जातेय. खांद्याचं दुखणं असतं तर हात वर करायला नको वाटलं असतं." मानेच्या एमआरआयची फिल्म अजून पिशवीतच होती.

तुमचं टेबल माझ्या उजव्या हाताला. मला मान उजवीकडे वळवता येत नव्हती, म्हणून तुमच्याशी बोलताना मी कमरेपासून सगळं अंग फिरवत होते. दोन वाक्यं झाली असतील. तुम्ही उठलात, खुर्ची फरपटत माझ्या डाव्या बाजूला आणलीत (एक चाक अडकत होतं, केवढा आवाज झाला) आणि कागद मांडीवर घेऊन लिहू लागलात. त्यावर काही बोलला नाहीत. मी पण बोलले नाही, कारण घसा दाटून आला होता. दोन महिन्यांत माझी मान कुठल्या बाजूला वळत नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आधीच्या दोघांबद्दल लिहू नये असं घरचे म्हणतात. थोडं लिहिते. पहिल्यांनी उशी बदला म्हणून सांगितलं आणि मी ताण फार घेते असं निदान केलं. दुसरे सर्जन. मी आत गेले तेव्हा त्यांनी फिल्म उजेडाला धरलेलीच होती. "सहाव्या-सातव्या मणक्यामधली गादी बाहेर आलीये, शुक्रवारची तारीख मोकळी आहे, उशीर केलात तर लुळ्या पडाल." चार मिनिटांत सगळं. माझ्या हाताला त्यांचा हात लागला नाही. फिल्ममध्ये जे दिसलं ते खरंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या फिल्मखाली एक बाई बसली होती.

तुम्ही हात तपासलात. कोपर सरळ करत मला ढकलायला लावलंत आणि उजवा दंड मागून थरथरत दुमडला तेव्हा मलाच धक्का बसला. फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना खडू का घसरतो, ते त्या क्षणी कळलं. हातोडीने कोपरामागे ठोकलंत. मधल्या बोटाचं नख टिचकी मारल्यासारखं सोडून अंगठा हलतो का पाहिलंत. टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालवलंत, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात का विचारलंत. मग म्हणालात, "मज्जारज्जूवर दाब असल्याची एकही खूण नाही. फक्त सातवी नस अडकलीये. लुळ्या पडायची भीती आजपासून सोडा."

मी गणित शिकवते, त्यामुळे तेवढ्यातही विचारलंच, की सहाव्या-सातव्याच्या मधून सातवी नस, मग पुढे हिशोब कसा जुळतो? तुम्ही हसून सांगितलंत की मानेत मणके ७ आणि नसा ८. पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरून निघते, म्हणून आकडा एकाने पुढे. तुमचे बाहेर बारा पेशंट ताटकळत होते, डॉक्टर, आणि तुम्ही मला हे कागदावर काढून दाखवलंत.

मग फिल्म पाहिलीत. तेव्हा सांगितलेला १९९० सालचा तो अभ्यास मी नंतर शोधून वाचला. मानेची कसलीच तक्रार नसलेल्या ६३ जणांचे एमआरआय काढले, तर १९ टक्क्यांच्या फिल्ममध्ये मोठे दोष सापडले. चाळिशीपुढच्यांत २८ टक्के. म्हणजे फिल्म बघून तारीख द्यायची तर धडधाकट माणसंही टेबलावर घ्यावी लागतील. (हे तुमचं वाक्य नाही, माझं आहे.) आणि बाहेर पडलेला गादीचा तुकडा शरीरातल्याच पेशी हळूहळू खाऊन टाकतात, मोठा तुकडाही पुष्कळदा आक्रसतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत उतरतं, म्हणून सहा आठवडे बघू म्हणालात.

पण नुसतं "बघू" म्हणून पाठवलं नाहीत. काय बघायचं ते सांगितलंत. दर रविवारी वजनकाटा टेबलावर ठेवायचा, पाठ खुर्चीला टेकवून फक्त कोपर सरळ करत तळहाताने दाबायचा आणि आकडा लिहायचा. पहिल्या रविवारी डावा १८ किलो, उजवा ११. "आकडा उतरायला लागला तर सहा आठवड्यांची वाट बघायची नाही."

तिसऱ्या आठवड्यात कळ ओसरली. रात्री सलग झोप लागू लागली, मी घरभर सांगत सुटले. वहीत मात्र ११ चे ९ झाले, पुढच्या रविवारी ६. मी तुमच्याकडे आले ती खरं म्हणजे बरी झाले हे सांगायला. तुम्ही वही पाहिलीत आणि चेहरा उतरला. "दुखणं गेलं ते चांगलंच. पण ताकद चाललीये, ते मला आवडत नाही. आता ऑपरेशन." ज्या माणसाने महिन्यापूर्वी थांबा म्हटलं होतं त्यानेच करा म्हटलं, म्हणून मला ते लगेच पटलं.

तोवर मी रात्री वाचून वाचून पंडित झाले होते. मला कृत्रिम गादी हवी होती, मान हलती राहते म्हणून. तुम्ही दाखवलंत की माझ्या मणक्यांचे मागचे सांधे आधीच झिजलेत. तिथे हालचाल टिकवणं म्हणजे दुखणं टिकवणं. पुढून गादी पूर्ण काढून दोन मणके जोडणं हा नेहमीचा रस्ता, पण मग शेजारच्या गाद्यांवर भार वाढतो, आणि स्वरयंत्राच्या नसेला ताण बसून आवाज बसू शकतो, बहुतेक वेळा तात्पुरता. "तुम्ही सहा तास बोलता," असं तुम्हीच मला आठवण करून दिलीत. माझा तुकडा मऊ आणि अगदी कडेला होता. मधोमध असता तर मागून जाणं धोक्याचं, कारण मज्जारज्जू बाजूला सारावा लागला असता. इथे मागून हाडात नखाएवढी खिडकी करून फक्त तुकडा काढता येणार होता.

आणि मग तुम्ही म्हणालात, "माझा हात पुढच्या रस्त्यावर बसलेला आहे. मागून करण्यात माझ्यापेक्षा सरस हात दुसऱ्याचा आहे. चिठ्ठी देतो."

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर दोघींना खोटं वाटलं. मला नाही वाटलं. ज्याला खुर्ची कुठे हवी ते न सांगता कळतं, त्याला एवढं जड जात नसणार. चांगुलपणा हुशारीइतकाच दुर्मिळ आहे म्हणतात. मला वाटतं दुर्मिळ नाही, घाईत असतो. तुमच्याकडे तर तो बारा पेशंट बाहेर असतानाही बसून होता.

ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. मानेचे मागचे स्नायू आठ-दहा दिवस ठणकले, आवाजाला काही झालं नाही. तुमच्या सरस हाताचेही आभार मी मानले, पण त्यांच्या खुर्चीला चारही चाकं नीट आहेत, त्यामुळे मजा आली नाही.

वहीचं पान सोबत जोडलंय. ऑपरेशननंतर ७, ९, १२, १५, आणि काल १७. मधल्या बोटाचं टोक अजून बधिर आहे, खडू धरला की कळतं. वरची ओळ सोमवारी लिहिली. अक्षर वाकडं आलं, ते आधीही वाकडंच होतं.

आपली,
हात डोक्यावर ठेवून आलेली पेशंट